शास्त्याचा शास्ता

राज्यसंस्थेविषयीच्या भारतीय चिंतनात ‘दंड’ हा शब्द केवळ शिक्षा या अर्थाने येत नाही. प्रजेला मर्यादेत ठेवणारी, दुर्बळाला बलवानापासून वाचवणारी आणि त्यासाठी राजाच्या हाती सोपवलेली शक्ती, असा त्याचा व्यापक अर्थ आहे. ही शक्ती एका हाती सोपवली की लगेच एक पेच उभा राहतो: ज्याच्या हाती दंड आहे त्यानेच मर्यादा ओलांडली तर त्याला कोणी आवरायचे? प्राचीन ग्रंथांनी हा पेच ओळखला होता, पण त्यांची उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत. शतपथ ब्राह्मणातील राजसूय यज्ञाच्या वर्णनात अध्वर्यू आणि त्याचे सहकारी अभिषिक्त राजाच्या पाठीवर काठ्यांनी हळूच प्रहार करतात, आणि या प्रतीकात्मक माराने राजा दंडाच्या पलीकडे जातो, म्हणजे ‘अदंड्य’ होतो, असे तो ग्रंथ सांगतो. मनुस्मृती मात्र नेमकी उलट दिशा धरते. ज्या अपराधासाठी सामान्य माणसाला एक कार्षापण दंड होईल, त्याच अपराधासाठी राजाला हजार कार्षापण दंड व्हावा, असा नियम तिथे आहे. पहिल्या विचारात पद माणसाला शिक्षेतून मुक्त करते, तर दुसऱ्या विचारात पदामुळेच शिक्षा हजारपट होते. आजच्या राज्यव्यवहारात या दोन्ही विचारांचे वारस सापडतात, आणि पहिल्याचे वारस संख्येने अधिक आहेत.

बृहदारण्यक उपनिषदाने या वादाला तात्त्विक पाया दिला. धर्म हा क्षत्राचेही क्षत्र आहे, म्हणजे शासन करणाऱ्या शक्तीवर शासन करणारी शक्ती आहे, आणि म्हणूनच दुर्बळ माणूस धर्माच्या बळावर बलवानाला आव्हान देऊ शकतो, असे तिथे प्रतिपादन केले आहे. तत्त्व म्हणून हे निर्दोष आहे, परंतु धर्म स्वतः उठून राजाच्या दरबारात जाऊ शकत नाही. त्याच्या वतीने कोणीतरी बोलावे लागते, आणि तो बोलणारा राजाच्याच अन्नावर वाढलेला असेल तर त्याच्या बोलण्याचे मोल काय, हा प्रश्न उपनिषदाने खुला सोडला. मराठवाड्याच्या सीमेवर, आजच्या लातूर जिल्ह्यातील निलंग्यापासून फार दूर नसलेल्या कल्याणी नगरीत (आजचे बसवकल्याण) चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या काळात विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. या स्मृतीत एक विलक्षण तरतूद आहे: राजाने अन्यायाने दंड वसूल केला असेल, तर त्याने ती रक्कम स्वतः तीसपट करून, वरुणाला अर्पण करून ब्राह्मणांना द्यावी. वरुण हा दंडाचा अधिपती, राजांवरही सत्ता चालवणारा देव मानला आहे, म्हणून ही भरपाई त्याच्या नावाने. या तरतुदीत अपराधाची कबुली आहे, भरपाईचे प्रमाण ठरलेले आहे आणि ती भरपाई राजाने ‘स्वतः’ करायची आहे. उणीव एकच, की अपराध झाला हे ठरवणाराही राजाच आहे. देवाच्या नावे आकारलेला हा दंड वसूल करायला पृथ्वीवर कोणीही नेमलेले नाही.

ही जागा परंपरेने संस्थेऐवजी व्यक्तीने भरली, आणि त्या व्यक्तीचे स्वातंत्र्य तिच्या वैराग्यात शोधले. ज्याला काही नको त्याला राजा काही देऊ शकत नाही आणि त्याच्याकडून काही काढूनही घेऊ शकत नाही, हा त्यामागचा तर्क होय. मराठी मनात या तर्काचे मूर्त रूप म्हणजे पेशवाईतील न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्याचा खून झाल्यानंतर, पेशवेपद घेतलेल्या रघुनाथरावाला शास्त्रीबोवांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि पुणे सोडले. व्यासपीठावरून रामशास्त्र्यांचे नाव घेण्याची हौस महाराष्ट्रातील राज्यकर्त्यांना नेहमीच राहिली आहे; तथापि या घटनेचा जो भाग भाषणांत येत नाही तो असा, की रामशास्त्री गेले तरी रघुनाथराव गादीवरच राहिला आणि त्याला दूर सारले ते नाना फडणीस आदी कारभाऱ्यांच्या बारभाई कारस्थानाने, म्हणजे राजकीय शक्तीने. न्यायाधीशाच्या राजीनाम्याने अपराधाला नाव मिळाले, अपराध्याला अटकाव झाला नाही. वैराग्य हे स्वातंत्र्य देते, अधिकार देत नाही. शिवाय निरिच्छ माणूस दर पिढीला वेळेवर जन्मतोच असे नाही, आणि राज्यव्यवस्था अशा योगायोगावर सोडता येत नाही.

व्यक्तीकडून संस्थेकडे जाणारे पाऊल धार्मिक परंपरेतच कोणी टाकले असेल, तर त्याचा सर्वांत स्पष्ट दाखला गोदावरीकाठच्या नांदेडशी जोडलेला आहे. शिखांचे दहावे गुरू गोविंदसिंग यांनी ऑक्टोबर १७०८ मध्ये नांदेड येथे देह ठेवला आणि आपल्यामागे देहधारी गुरूची परंपरा थांबवून गुरुपद ग्रंथाकडे, तर निर्णयाचा अधिकार पंथाकडे, म्हणजे दीक्षित समुदायाकडे सोपवला. त्याआधी १६९९ मध्ये खालशाची स्थापना करताना त्यांनी पंच प्यारे, म्हणजे निवडलेले पाच शिष्य, यांना दीक्षा दिली आणि नंतर त्यांच्याच हातून स्वतः दीक्षा घेतली होती. दक्षिणेकडे येताना राजस्थानातील नराणा येथे गुरूंनी दादू दयाळ यांच्या समाधीला बाणाने अभिवादन केले, समाधिपूजा निषिद्ध असल्याने सोबतच्या शिखांनी त्याला हरकत घेतली, आणि गुरूंनी सव्वाशे रुपयांचा दंड आनंदाने भरला, असे परंपरा सांगते. शिष्यांची सावधता पारखण्यासाठीच गुरूंनी हे केले, असाही अर्थ परंपरेने लावला आहे. तो मान्य केला तरी मूळ मुद्दा बदलत नाही. नियम घालून देणाराच नियमाखाली आला, आणि त्याला नियमाची आठवण देण्यासाठी कोणाला त्याची परवानगी मागावी लागली नाही.

या व्यवस्थेची राजसत्तेशी गाठ पडली ती महाराजा रणजितसिंगांच्या काळात. तख्त म्हणजे शीख पंथाचे धर्मपीठ. अमृतसरचे अकाल तख्त हे त्यांतील सर्वोच्च आणि नांदेडचे सचखंड श्री हजूर साहिब हे पाच तख्तांपैकी एक. मोरां नावाच्या नर्तकीशी केलेल्या विवाहावरून अकाल तख्ताचे प्रमुख अकाली फुलासिंग यांनी महाराजांना तख्तासमोर बोलावले, फटक्यांची शिक्षा सुनावली, महाराजांनी त्यासाठी पाठ पुढे केली आणि संगतीच्या, म्हणजे जमलेल्या समुदायाच्या, विनवणीवरून शिक्षा दंडावर निभावली, ही कथा पंजाबात सर्वश्रुत आहे. नांदेडच्या दृष्टीने तिचा पुढचा दुवा महत्त्वाचा ठरतो, कारण हजूर साहिबची आजची वास्तू १८३२ ते १८३७ या काळात याच रणजितसिंगांच्या द्रव्यसाहाय्याने उभी राहिली. तख्तासमोर हात जोडून उभा राहिलेला राजा त्यानंतरही राजा राहिला, मंदिरे बांधत राहिला, त्याची सत्ता कमी झाली नाही. येथे प्रायश्चित्त आणि दंड यांतील भेद ध्यानात घ्यावा लागतो: दंड अपराध्याला किंमत मोजायला लावतो, प्रायश्चित्त त्याला समुदायात परत घेण्याची वाट ठेवते आणि त्यासाठी आधी त्याची कबुली मागते. अर्थात ही पद्धत आदर्श म्हणून जशीच्या तशी उचलता येणार नाही, कारण तख्ताचा आदेश राजावर बंधनकारक ठरला तो राजाला पंथात राहायचे होते म्हणून. ज्याला श्रद्धेच्या समुदायाबाहेर पडण्याची भीती नाही त्याच्यावर तो चालत नाही. आधुनिक राज्याला सर्व धर्मांच्या आणि कोणताही धर्म न मानणाऱ्या नागरिकांसाठी उभे राहायचे असल्याने त्याला हा आधार घेता येत नाही. काळाने येथे एक उलटापालटही करून ठेवली आहे. नांदेडच्या गुरुद्वाऱ्याचा कारभार १९५६ च्या कायद्यान्वये मंडळाकडे आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये या मंडळावर सरकारनियुक्त सदस्यांचे प्राबल्य वाढवणारा नवा कायदा राज्य मंत्रिमंडळाने मंजूर केला, शीख समाजाने त्याला तीव्र विरोध केला आणि सरकारने तो थांबवला. राजाला जाब विचारण्याची परंपरा सांगणाऱ्या पीठाला सरकारच्या हस्तक्षेपापासून स्वतःला वाचवावे लागले.

लोकशाही राज्याने या जागेसाठी शोधलेले उत्तर स्वीडनमध्ये १८०९ साली राज्यघटनेत आलेल्या ओम्बुड्समन या पदापासून सुरू होते. नागरिकांच्या वतीने प्रशासनावर देखरेख ठेवणारा, सरकारपासून स्वतंत्र अधिकारी, असे त्याचे स्वरूप होते. भारतात मोरारजी देसाई यांच्या अध्यक्षतेखालील प्रशासकीय सुधारणा आयोगाने १९६६ मध्ये केंद्रासाठी लोकपाल आणि राज्यांसाठी लोकायुक्त सुचवले. महाराष्ट्राने १९७१ मध्ये लोकायुक्त व उपलोकायुक्त अधिनियम केला आणि १९७२ मध्ये हे पद प्रत्यक्षात आणणारे ते पहिले राज्य ठरले. या अग्रमानाचा अभिमान बाळगताना कायद्यातील ‘मंत्री’ या शब्दाची व्याख्या वाचलेली बरी, कारण तीत मुख्यमंत्र्याला वगळले होते. शतपथ ब्राह्मणातला अदंड्य राजा असा विधिमंडळाच्या छापील कायद्यात परत आला. उरलेल्या मंत्र्यांच्या बाबतीतही लोकायुक्ताला शिफारस करण्यापलीकडे अधिकार नव्हता आणि स्वतःची स्वतंत्र तपासयंत्रणाही नव्हती.

वगळलेले ते एक पदच सर्वांत महत्त्वाचे होते, हे दाखवण्यासाठी नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांचा इतिहास पुरेसा आहे. शंकरराव चव्हाण आणि अशोक चव्हाण हे नांदेडचे, शिवाजीराव पाटील निलंगेकर आणि विलासराव देशमुख हे लातूरचे; असे चार मुख्यमंत्री या शेजारी जिल्ह्यांनी राज्याला दिले. त्यांपैकी तिघांच्या कारकिर्दीत औचित्याचा प्रश्न इतका तीव्रपणे उभा राहिला की तो न्यायालयापर्यंत गेला, आणि तिन्ही वेळा लोकायुक्त नावाची संस्था अस्तित्वात असूनही त्या प्रश्नाच्या वाटेवर कोठेच नव्हती.

निलंगेकर जून १९८५ मध्ये मुख्यमंत्री झाले. मुंबई विद्यापीठाच्या एम.डी. परीक्षेत त्यांच्या कन्येच्या गुणांत फेरफार झाल्याचा आरोप त्याच परीक्षेच्या एका परीक्षार्थीने याचिकेद्वारे केला, मुंबई उच्च न्यायालयाने मुख्यमंत्र्यांविषयी प्रतिकूल निष्कर्ष नोंदवले आणि मार्च १९८६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणात सार्वजनिक मूल्यांच्या ऱ्हासाची तुलना पर्यावरणाच्या प्रदूषणाशी करून, अशा वेळी न्यायालयांना मूक राहता येत नाही, अशी भूमिका घेतली. या प्रकरणात कोणा मुख्यमंत्र्याला फौजदारी गुन्ह्यात दोषी ठरवलेले नाही. निलंगेकर पुढेही विधानसभेवर निवडून आले. मग त्यांचे पद गेले ते कशामुळे? गुन्हा आणि अनौचित्य यांच्यामध्ये एक विस्तीर्ण पट्टा असतो, तिथे कायद्याचे कलम पोहोचत नाही पण पदाची प्रतिष्ठा मात्र पणाला लागते. त्या पट्ट्यात निर्णय देण्यासाठी राज्याकडे संस्था नव्हती, म्हणून परीक्षेच्या निकालावरून असमाधानी झालेला एक नागरिक आणि त्याची याचिका ऐकणारे न्यायालय यांना ते काम करावे लागले. तो नागरिक गप्प राहिला असता तर प्रश्नच उपस्थित झाला नसता.

विलासराव देशमुखांच्या प्रकरणात याज्ञवल्क्यस्मृतीची आठवण अटळ ठरते. २००६ मध्ये बुलडाणा जिल्ह्यात सावकारीच्या तक्रारीवरून एका आमदाराच्या कुटुंबीयांविरुद्ध गुन्हा नोंदवू नये यासाठी मुख्यमंत्र्यांच्या कार्यालयातून हस्तक्षेप झाला, या प्रकरणी उच्च न्यायालयाने राज्य शासनाला २५ हजार रुपये भरण्यास सांगितले होते. डिसेंबर २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रक्कम १० लाख केली आणि हस्तक्षेपावर कठोर शब्दांत टीका केली. स्मृतीने तीसपट सांगितले होते, न्यायालयाने चाळीसपट केले. परंतु स्मृतीतला ‘स्वतः’ हा शब्द मधल्या शतकांत कोठेतरी गळून पडला, कारण हे १० लाख रुपये महाराष्ट्र राज्यावर लादले गेले, म्हणजे ज्या कर्जबाजारी शेतकऱ्याची तक्रार दाबली जात होती त्याच्याही करातून ते भरायचे होते.

तिसरे प्रकरण मुंबईतील आदर्श गृहनिर्माण संस्थेतील घरवाटपाचे. त्यावरून अशोक चव्हाण यांनी नोव्हेंबर २०१० मध्ये मुख्यमंत्रिपद सोडले. न्यायमूर्ती जे. ए. पाटील यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी आयोगाचा अहवाल डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळापुढे आला तेव्हा मंत्रिमंडळाने तो आधी फेटाळला आणि टीका झाल्यावर अंशतः स्वीकारला. त्याच सुमारास राज्यपालांनी खटला चालवण्यास मंजुरी नाकारली. फेब्रुवारी २०१६ मध्ये, राज्यात दुसऱ्या पक्षाचे सरकार असताना, नव्या राज्यपालांनी ती दिली. आणि डिसेंबर २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने, मंजुरीचा फेरविचार करण्याजोगा नवा ग्राह्य पुरावा नसल्याने, ती रद्द केली. चव्हाण दोषी होते असा निष्कर्ष यातून काढता येत नाही आणि काढूही नये. सात वर्षे चर्चा झाली ती आरोपाच्या सत्यासत्यतेची नव्हतीच, ती परवानगीची होती. आरोप झालेल्याला स्वच्छ निर्दोषत्व मिळाले नाही, नागरिकाला उत्तर मिळाले नाही, आणि एकाच प्रश्नावर दोन राज्यपालांनी दोन उत्तरे दिल्याने राजभवनाच्या निष्पक्षतेविषयी शंका तेवढी शिल्लक राहिली. रामशास्त्र्यांना आपला निर्णय सांगण्यासाठी आधी शनिवारवाड्यातून मंजुरी आणावी लागली असती, तर इतिहासात त्यांचे नाव उरले नसते.

चौथे मुख्यमंत्री शंकरराव चव्हाण यांचा प्रसंग या मालिकेत वेगळा आहे. शिस्तप्रियतेमुळे ‘हेडमास्तर’ म्हणून ओळखले गेलेले चव्हाण १९८६ मध्ये निलंगेकरांच्या जागी मुख्यमंत्री झाले, आणि मार्च १९९७ मध्ये राज्यसभेने सदस्यांच्या वर्तनावर देखरेख ठेवण्यासाठी नीतिविषयक समिती नेमली तेव्हा तिचे पहिले अध्यक्षही तेच झाले. देशातील कायदेमंडळांत अशा प्रकारची ही पहिली समिती होती. तिने १९९८ च्या पहिल्या अहवालात सदस्यांसाठी आचारसंहिता मांडली, हितसंबंध जाहीर करण्याची कल्पना पुढे आणली, आणि २००५ च्या ‘प्रश्नांसाठी पैसे’ प्रकरणात राज्यसभेच्या एका सदस्याची हकालपट्टी याच समितीच्या मार्गाने झाली. हे यश नाकारण्याचे कारण नाही. मात्र समितीचे सदस्य हे सभागृहाचेच सदस्य असतात. आज न्याय करणारा उद्या त्याच बाकावर आरोपी म्हणून बसू शकतो, आणि बहुमत ज्या पक्षाचे असेल त्याला समितीची दिशा ठरवता येते. हेडमास्तरांसारखा अध्यक्ष असेल तर समितीला धार येते, नसेल तर नाही. म्हणजे प्रश्न पुन्हा रामशास्त्र्यांपाशीच येतो.

स्वतंत्र नीतिसंस्थेला होणारे आक्षेप हलके नाहीत. लोकशाहीत मतदार हाच राज्यकर्त्याचा शास्ता आहे, त्याने निवडलेल्या माणसावर न निवडलेला पहारेकरी बसवणे हा मतदाराचा अवमान आहे, असा पहिला आक्षेप. परंतु मतदार निवाडा करतो तो संपूर्ण माणसाचा: त्याने गावाला दिलेल्या पाण्याचा, रस्त्याचा, कॉलेजाचा, कधी जातीचा आणि कधी विरोधी उमेदवाराच्या उणिवांचा. विष्णुपुरी प्रकल्पाचे पाणी शेताला मिळालेला नांदेडचा शेतकरी किंवा २०१६ मध्ये रेल्वेने आणलेले पाणी प्यालेला लातूरकर मत देताना एका फाइलीवरच्या एका सहीचा विचार करील अशी अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे. विशिष्ट कृत्याचा निवाडा करण्याचे साधन मतपेटी नाही. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: या पहारेकऱ्यावर पहारा कोणाचा? शेजारच्या कर्नाटकाने १९८४ च्या कायद्याने लोकायुक्ताला पोलीस यंत्रणा दिली, आणि न्यायमूर्ती संतोष हेगडे यांच्या बेकायदा खाणकामावरील अहवालानंतर जुलै २०११ मध्ये मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावे लागले. त्याच राज्यात डिसेंबर २०१५ मध्ये, मुलावर खंडणीचे आरोप झाल्यानंतर, लोकायुक्तांनाच राजीनामा द्यावा लागला, आणि त्याचा आधार घेत सरकारने २०१६ मध्ये स्वतःच्या हाताखालची लाचलुचपत प्रतिबंधक यंत्रणा उभारून लोकायुक्ताचे दात काढले. ती यंत्रणा उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये रद्द केली. संस्था स्वतंत्र झाली म्हणून पवित्र होत नाही. पण तिच्या अपवित्रतेवरचा उपाय तिला पदच्युत करण्याची खुली, कठीण आणि न्यायाधीन प्रक्रिया हा आहे. तिला राज्यकर्त्याच्या दारात बांधून ठेवणे हा नाही.

राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांच्या २०१९ च्या उपोषणानंतर तयार झालेले नवे महाराष्ट्र लोकायुक्त विधेयक डिसेंबर २०२२ मध्ये विधानसभेत आणि डिसेंबर २०२३ मध्ये विधान परिषदेत मंजूर झाले. पुन्हा एकदा एका विरक्ताचा हट्ट आणि त्यातून निघालेला कायदा, असा हा क्रम होता. जवळपास पन्नास वर्षांनी मुख्यमंत्री लोकायुक्ताच्या कक्षेत आला ही त्याची मोठी जमेची बाजू सांगितली गेली, आणि कागदावर ती खरी आहे. मात्र मुख्यमंत्र्याविरुद्ध चौकशी सुरू करण्यापूर्वी लोकायुक्ताने विधानसभेची मान्यता घ्यावी आणि ती सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येच्या दोन तृतीयांश मतांनी असावी, अशी अट त्यात आहे. शिक्षेसाठी किंवा पदच्युतीसाठी अशी अट असती तर तिचे समर्थन करता आले असते. ती प्रश्न विचारण्यासाठीच आहे. नराण्याच्या समाधीपाशी शिष्यांनी जे विनापरवानगी केले, ते करायला महाराष्ट्राच्या लोकायुक्ताला मुख्यमंत्र्याच्याच पक्षातील आमदारांची मते गोळा करावी लागतील. ही अट काढून टाकली जात नाही तोवर या संस्थेला स्वतंत्र म्हणण्यात अर्थ नाही. २८८ सदस्यांच्या विधानसभेत मुख्यमंत्री होण्यासाठी १४५ आमदारांचे पाठबळ पुरते. त्याची चौकशी सुरू करण्यासाठी १९२ लागतात.